सेप्टिक टँक आणि बाथरूमचा वास: इंदूरकरांचे परत परत येणारे प्रश्न

इंदूरला आमचं सॅनिटरीचं दुकान आहे, नळ, पाइप, कमोड, जाळ्या वगैरे. पण निम्मी गिऱ्हाइकं सामान घ्यायला येतच नाहीत, "वास कुठून येतोय हो?" एवढंच विचारायला येतात, आणि उरलेली निम्मी हेच रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. मी इंजिनिअर नाही, बाबांच्या हाताखाली शिकलो आणि बाकीचं लोकांच्या बाथरूममध्ये गुडघे टेकून शिकलो. तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून इथे एकदाच लिहितोय. प्रश्न आले तसेच ठेवलेत, नावं काढली आहेत.

१. सेप्टिक टँकमध्ये नक्की होतं काय? मला वाटायचं नुसता खड्डा असतो.

बंद हौद असतो तो. संडासाचं पाणी एका बाजूने आत येतं, दुसऱ्या बाजूने निघतं, मधल्या वेळात जड माल तळाशी बसतो तो गाळ, तेलकट हलकं असेल ते वर तरंगून त्याची साय धरते, आणि मधलं गढूळ पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू खातात आणि गॅस सोडतात: मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास या शेवटच्याचा, मिथेनला वास नसतोच. टाकीला वास येणारच, दह्याला आंबट वास यावा तसं. तो घरात आला की मग काहीतरी बिघडलंय.

माप विचारतात म्हणून सांगतो, पाच माणसांच्या घराला आपल्या भारतीय मानकात साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी टाकी धरतात, म्हणजे हजार-अकराशे लिटर पाणी.

२. आमच्याकडे टाकी आहे की ड्रेनेजची लाइन, हेच माहीत नाही. घर सासऱ्यांनी बांधलेलं, आता विचारायला कोणी नाही.

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खूप जणांचा आहे. इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर (म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं) म्हणून जाहीर केलं, त्यामुळे आपल्याकडे सगळीकडे लाइनच असणार असं सगळे धरून चालतात, पण जुन्या प्लॉटवर आणि बाहेरच्या नव्या कॉलन्यांमध्ये टाक्या अजून आहेत, आणि काही घरांत टाकी पण आहे आणि तिचं बाहेर पडणारं पाणी लाइनला जोडलेलं पण आहे.

रंगपंचमीचा उरलेला रंग घरात असतोच कुठेतरी. पाण्यात विरघळणारा रंग घ्या, गुलाल नको. कमोडमध्ये टाकून दोन-तीन वेळा फ्लश करा आणि एका माणसाला घराबाहेरच्या शेवटच्या चेंबरपाशी उभं करा, झाकण काढताना तोंड लांब. दोन-चार मिनिटांत गडद रंग आला तर सरळ लाइन. बऱ्याच उशिराने फिकट रंग आला तर मध्ये टाकी आहे. आलाच नाही तर टाकी आणि शोषखड्डा. झाकण सापडत नसेल तर संडासाचा पाइप भिंतीतून ज्या दिशेला बाहेर पडतो तिकडे अंगणात सळईने हलकं ठोकत जा, पोकळ आवाज कळतो. एका काकूंच्या घरी ते तुळशी वृंदावनाखाली निघालं. हसू नका, असं तिसऱ्यांदा बघितलं मी.

एक आपलं अवांतर: १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी इंदूरचा मोठा अहवाल लिहिला, त्यातही सांडपाण्याचं काय करायचं याची भरपूर चर्चा आहे. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त आपण याच विषयावर बोलतोय.

३. बाथरूममधून गटारीसारखा वास येतो, कधी येतो कधी नाही. सुरुवात कुठून करू?

आधी एक तांब्या पाणी. खरंच सांगतोय, दुकानात येण्याआधी, प्लंबर बोलवण्याआधी, बाथरूमच्या प्रत्येक जाळीत एकेक तांब्या पाणी ओता आणि दोन तास थांबा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी भरपूर इथेच मिटतात आणि माझी विक्री बुडते.

कारण असं की जमिनीतल्या जाळीखाली वाकडा भाग असतो, त्यात साधारण दोन इंच पाणी कायम थांबून राहतं. पलीकडे गटार, अलीकडे तुम्ही, आणि मध्ये कुलूप म्हणजे हे पाणी. त्याला वॉटर सील म्हणतात. हा भाग म्हणजे नहाणी ट्रॅप, आमचे इथले प्लंबर त्याला "नानी ट्रॅप" म्हणतात, पण नानीचा काही संबंध नाही, आपली मराठी नहाणीच आहे ती, देशभर दुकानात याच नावाने विकली जाते. पाहुण्यांची बाथरूम, गच्चीवरची मोरी, बाल्कनीतली जाळी, जिथे रोज पाणी पडत नाही तिथलं हे पाणी एप्रिल-मे मध्ये भराभर उडून जातं आणि कुलूप उघडं पडतं.

पाणी ओतून फरक पडला नाही तर रात्री झोपताना एक सोडून सगळ्या जाळ्यांवर पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवा, दुधाची पिशवी धुऊन घेतली तरी चालते, ती जाळीवर बसते आणि हवा अडवते. रोज रात्री वेगळी जाळी उघडी ठेवा. ज्या सकाळी वास आला ती जाळी चोर. सगळ्या झाकूनही वास आला तर मग बेसिन (६), कमोडचं बूड (७) किंवा फरशी (१८).

४. जाळीखाली एक वाटीसारखं प्लॅस्टिक होतं, पाणी हळू जायचं म्हणून काढून टाकलं. चालेल ना?

नाही चालणार. ती वाटी म्हणजेच तुमचा वॉटर सील होता. उलटी वाटी आणि तिच्याभोवती पाणी, ही स्वस्तातली पद्धत, मुळातच पाणी कमी धरते. वाटी परत बसवा, पाणी हळू जात असेल तर तिच्याखाली केसांचा गुंता असणार, तो चिमट्याने काढा. वाटी हरवली असेल तर जुनी जाळी घेऊन दुकानात या, माप फोनवर सांगू नका, "चार इंची आहे" म्हणून सांगतात आणि पाचची निघते.

५. सीलमध्ये पाणी आहे, तरी वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो आणि मग वास.

हे व्हेंट पाइपचं दुखणं. फ्लशचं पाणी पाइपातून धाडकन खाली जाताना मागे हवा ओढतं. ती हवा गच्चीवरच्या व्हेंट पाइपातून आली पाहिजे. तो बंद असेल तर पाणी जवळच्या जाळीतून हवा ओढतं, ओढताना तिथलं सीलचं पाणी पण घेऊन जातं. गुडगुड म्हणजे तीच ओढाताण.

आमच्याच घरची गोष्ट. चार महिने वास येत होता, आई म्हणायची खालच्या भाडेकरूंकडून येतो, भाडेकरू म्हणायचे तुमच्याकडून. मी दुकानदार असून अ‍ॅसिड ओततोय, जाळ्या बदलतोय. शेवटी गच्चीवर पापड वाळत घालायला गेलो तेव्हा दिसलं: ज्या मिस्त्रीने पाण्याच्या टाकीचा स्टँड बसवला त्याने आड येणारा व्हेंट पाइप गुडघ्याएवढा कापला होता आणि तोंडावर श्रीखंडाचा रिकामा डबा उलटा घालून वर दगड ठेवला होता, पाऊस जाऊ नये म्हणून! डबा काढला, त्याच रात्री गुडगुड बंद.

पण तेवढ्याने काम संपलं नाही, पाइप बुटका राहिला म्हणून वास गच्चीवर यायला लागला. टाकी घराला लागून असेल तर व्हेंट घराच्या माथ्यापेक्षा साधारण दोन मीटर उंच न्यायचा असतो, कमीत कमी दोन इंची, आणि तोंडाला डासांची जाळी. जाळी विसरू नका, टाकीत क्युलेक्स डासांची पैदास होते, हत्तीरोग पसरवणारे ते हेच. थंडीत पहाटे वास जास्त वाटतो असं बरेच जण लिहितात. बरोबर आहे, थंड हवा जमिनीलगत साचते, गॅस वर जात नाही, बुटक्या पाइपवाल्यांना ते लगेच कळतं.

६. वास जमिनीतून नाही, बेसिनमधून येतो.

बेसिनखाली वाका आणि बघा. कोंबडीच्या गळ्यासारखा लवचिक पांढरा पाइप भिंतीतल्या किंवा फरशीतल्या भोकात नुसता खुपसलेला असेल आणि भोवती फट असेल, तर झालं, तिथूनच येतोय. रबराची रिंग मिळते, नाहीतर तात्पुरतं ओल्या कापडाने फट बुजवून बघा वास थांबतो का. बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखाली बाटलीसारखा जाड भाग, असेल तर खालची वाटी फिरवून काढा, खाली बादली धरून, आणि आतला काळा चिखल धुवा. दुसरी जागा म्हणजे बेसिनच्या वरच्या कडेला जास्तीचं पाणी जायचं जे छोटं भोक असतं ते. तिथे टूथपेस्ट आणि लाळेचा थर वर्षानुवर्षं साठतो, जुना ब्रश घालून घासा, जे बाहेर येईल ते बघून दोन दिवस दात घासावेसे वाटणार नाहीत.

७. कमोडच्या बुडापाशी वास आणि कधी कधी ओल दिसते.

कमोड आणि जमिनीतला पाइप यांचा सांधा सुटलाय. व्हाइट सिमेंटने बाहेरून चोपडून आतला सांधा जुळत नाही, तरी दहातले आठ मिस्त्री तेच करतात. कमोड हलवून बघा, डुगडुगत असेल तर उचलून, सांधा साफ करून, नवी रबर रिंग घालून परत बसवावा लागेल. ओल पिण्याच्या नळाची आहे की कमोडची हे कळायला प्रश्न २ मधला रंग इथेही चालतो.

८. सोडा आणि व्हिनेगर टाकलं, फेस आला, वास गेला नाही. अ‍ॅसिड टाकू का?

फेस बघून बरं वाटतं एवढंच. दोन्ही एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वास पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरातून येत असेल तर लांब दांड्याचा ब्रश आणि गरम पाणी, उकळतं नको, प्लॅस्टिकच्या पाइपांचे सांधे ढिले पडतात.

आता नीट वाचा. संडास साफ करायचं निळं लिक्विड, दुकानात मिळणारं तेजाब, ही सगळी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची भावंडं. ब्लीचिंग पावडर किंवा पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच यात मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये दोन मिनिटांत छाती धरते. दिवाळीच्या साफसफाईत एक वहिनी आधी हे मग ते टाकून बसल्या होत्या, खोकत खोकत बाहेर आल्या म्हणून वाचल्या. आज एक टाकलं तर भरपूर पाणी सोडा, दुसरं दुसऱ्या दिवशी. कॉस्टिक सोड्याचे दाणे टाकल्यावर अ‍ॅसिड तर कधीच नाही, उसळून अंगावर येतं.

आठवड्यातून एकदा थोड्याशा लिक्विडने संडास धुतला तर टाकीतले जिवाणू मरत नाहीत. बाटल्याच्या बाटल्या ओतल्या तर मात्र काही दिवस टाकी आजारी पडते.

९. जाळीतून केसाळ बारीक काळ्या माश्या निघतात, फवारा मारला तरी परत.

उडणाऱ्या मारून उपयोग नाही, त्यांची अंडी-अळ्या पाइपातल्या बुळबुळीत थरात असतात. रात्री जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, थोडी फट ठेवून, सकाळी माश्या चिकटल्या तर तीच जाळी. मग प्रश्न ८ मधला ब्रश, रोज, दोन-तीन आठवडे, कारण त्यांची नवी पिढी तेवढ्यात तयार होते.

१०. टाकी किती वर्षांनी उपसायची? आमची बावीस वर्षांत एकदाही नाही, काही त्रास नाही.

त्रास तुम्हाला नाही, शोषखड्ड्याला आहे. दोन-तीन वर्षांनी उपसायची असं धरा. गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा भरला की मैला उपसणारी गाडी बोलवायची वेळ झाली. त्यापुढे गाळ वाहून शोषखड्ड्यात जातो आणि त्याची छिद्रं बुजतात, मग नवा खड्डा खणा. बावीस वर्षं "त्रास नाही" म्हणणाऱ्यांच्या टाकीचं बूड बहुतेक वेळा फुटलेलं किंवा मुळात बांधलेलंच नसतं, सगळं जमिनीत जातंय. आजूबाजूला बोअर असेल तर पुढे १६ वाचा.

किती भरलंय ते बघायला लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत घालतात, काढल्यावर काळा पट्टा जेवढा तेवढा गाळ. पण हे गाडीवाल्याकडूनच करून घ्या. झाकण उघडून वाकून बघू नका, आणि तिथे बिडी, काडी, मोबाइलची बत्ती नाही म्हणून मेणबत्ती, काही नको.

११. गाडीवाला म्हणतो पाइप तळापर्यंत जात नाही, माणूस उतरवून बादलीने काढून देतो, स्वस्त पडेल. करू का?

नाही. यावर मी वाद घालत नाही, ज्याने असं करून घेतलं त्याला मी दुकानातून सामानही देत नाही.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा घाण वास, पण प्रमाण वाढून दहा लाखात शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं, माणसाला वाटतं वास गेला, आता ठीक आहे. गाळ ढवळला की साठलेला गॅस एकदम सुटतो आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेपरात एकाच टाकीत दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाच. कोणी पडलं तर वरून ओरडा, दोर टाका, ११२ ला फोन करा, पण नाक बांधून आत उतरू नका, रुमालाने हा गॅस अडत नाही.

आणि कायदा: हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी नाही, त्याच्या मालकाने उतरवलं" हे तुमच्या अंगणात चालत नाही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली.

पाइप तळापर्यंत जात नसेल तर गाळ घट्ट झालाय, पाणी सोडून लांब बांबूने वरूनच ढवळायचा आणि परत ओढायचा, फेरी जास्त लागेल, लागू दे. गाडीसाठी १४४२० ही हेल्पलाइन आहे, महापालिकेचं इंदूर ३११ अ‍ॅप आहेच. गाडी गाळ नेऊन कुठे सोडणार हे विचारा, ट्रीटमेंट प्लांटवर नेतो असं ठामपणे न सांगणारा माणूस तुमचा मैला नाल्यात सोडतो, म्हणजे कान्ह नदीत. तळाशी चार बोटं गाळ राहू द्या, तेच पुढचं विरजण.

१२. विरजण म्हणालात, मग गूळ-यीस्ट, किंवा ती पावडरची पाकिटं? एकाने मेलेली कोंबडी टाकायला सांगितली.

कोंबडी तरी टाकू नका हो. तुम्ही रोज सकाळी जे टाकता त्यात जिवाणू ठासून भरलेले असतात, वेगळे विकत घ्यायची गरज नाही. पावडर मी विकतो, खोटं कशाला बोलू, पण कोणी विचारलं तर सांगतो की यामुळे गाडी बोलवायची टळणार नाही. वाळू, केस, प्लॅस्टिक कुठलाच जिवाणू खात नाही. गुळाचं म्हणाल तर पोह्यांबरोबर जिलबी खा, तिथेच पोहोचणार आहे.

१३. नवं घर, नवी टाकी, वापर सुरू करून आठवडा झाला आणि भयंकर वास. बांधकामात चूक?

असेलच असं नाही. नवी टाकी वापरायच्या आधी बाहेर जायच्या पाइपाच्या पातळीपर्यंत साध्या पाण्याने भरायची असते, आणि दुसऱ्या चालू टाकीतला थोडा गाळ किंवा तो नसेल तर कुजलेलं शेण थोडंसं घालायचं. हे मानकातच लिहिलंय, आजीचा बटवा नाही. शेणाचा सल्ला फक्त सुरुवातीला लागू, चालू टाकीत दर महिन्याला ओतणारे आहेत आपल्यात, त्यांनी १२ वाचावं. दीड-दोन महिन्यांत वास बसायला हवा. नाही बसला तर व्हेंट बघा.

१४. पावसाळ्यात संडास तुंबतो, टाकी तर जानेवारीतच उपसली.

माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात फुगून ती मेणासारखी बंद होते, पाणी शोषतच नाही. शोषखड्ड्यातलं पाणी जायला जागा नाही म्हणून टाकी भरते, टाकी भरली की पाइप, आणि मग सगळ्यात खालची जाळी, म्हणजे बहुतेक तळमजल्याची बाथरूम.

आधी गच्चीचं पाणी कुठे जातंय बघा. पावसाचा पाइप टाकीत किंवा संडासाच्या चेंबरमध्ये सोडलेला असेल तर तुमची माती निर्दोष आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सव्वादोन हजार लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे पाच माणसांची टाकी दोनदा भरेल एवढं. मग टाकीचं झाकण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच आहे का, फटी बुजवल्यात का, अंगण झाकणाकडे उतरतं का ते बघा.

भर पावसात घाईने टाकी पूर्ण रिकामी करू नका, विशेषतः प्लॅस्टिकची असेल तर. बाहेरचं पाणी रिकाम्या टाकीला नावेसारखं वर उचलतं आणि पाइप तुटतात. थोडी उपसा, पाण्याचा वापर कमी करा, वॉशिंग मशीन एका दिवशी दोनदा नको. कायमचा उपाय हवा तर लाइन जवळ असेल तर जोडून घ्या, नसेल तर उन्हाळ्यात शोषखड्डा मोठा करा, खालच्या मुरमापर्यंत नेऊन.

१५. संडासात काय टाकू नये, एकदा लिस्ट द्या.

पॅड, डायपर, ओले वाइप्स (पाकिटावर काहीही लिहिलं असलं तरी), केस, चहाचा चोथा, तळणाचं तेल. इंदूरच्या कचरागाडीला पॅड-डायपरचा वेगळा डबा असतो, तिथे द्या. सेव-कचोरीच्या कढईतलं तेल गार झाल्यावर डब्यात भरा, मोरीत नको, थंडीत ते पाइपात डालड्यासारखं थिजतं.

१६. टाकी आणि बोअर यात किती अंतर हवं? आमचा प्लॉटच वीस बाय पन्नास आहे.

मानक म्हणतं पिण्याच्या पाण्याच्या विहिरी-बोअरपासून १८ मीटर, म्हणजे जवळजवळ साठ फूट. तुमच्या प्लॉटच्या लांबीपेक्षा जास्त, आणि शेजाऱ्याची टाकी तुमच्या बोअरला लागून असेल ते वेगळंच. त्यामुळे छोट्या प्लॉटवर बोअरचं पाणी धुण्या-झाडांपुरतं, पिण्याला नर्मदेचं नळाचं पाणी. नर्मदेचा पाइप पण टाकीवरून किंवा चेंबरमधून गेलाय का ते बघा, दिवसाआड पाणी येतं त्या मधल्या वेळात पाइप रिकामा असतो आणि चीर असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढतो. सुरुवातीची बादलीभर धार गढूळ किंवा वासाची आली तर ते पाणी पिऊ नका, आधी तक्रार करा.

१७. वास फक्त गरम पाण्याला येतो / फक्त एसी चालू केल्यावर येतो. हे काय नवीन?

दोन वेगळ्या लोकांचे प्रश्न, एकत्र घेतले.

गार पाण्याला वास नाही आणि गिझरच्या पाण्याला सडक्या अंड्याचा, तर गटारीचा संबंध नाही. गिझरच्या टाकीत गंज लागू नये म्हणून मॅग्नेशियमची कांडी असते, बोअरचं पाणी असेल तर त्यातले काही जिवाणू तिच्यामुळे तो वास बनवतात. एकदा गिझर पूर्ण तापवून पाणी काढून टाका, नाही जमलं तर सर्व्हिसवाल्याकडून कांडी बदला.

एसीचं: थेंब थेंब पाणी जाणारा पाइप कोणीतरी सोय म्हणून बाथरूमच्या ड्रेनेजमध्ये घुसवलेला असतो. त्यात सील नसतो, मग एसी बेडरूममध्ये गटारीची हवा घालतो, गार करून. पाइपाचं टोक बाहेर काढून जाळीच्या वर हवेत मोकळं लटकवा. याचाच चुलत भाऊ एक्झॉस्ट फॅन: दारं-खिडक्या बंद करून लावला की तो कुठून तरी हवा ओढणारच, आणि सील कमजोर असेल तर गटारातून ओढतो. फॅन चालू करून जाळीवर टिश्यूची पट्टी धरा, वर उडली तर समजलं. दाराखाली बोटभर फट ठेवा.

१८. सगळं केलं. जाळ्या, बेसिन, कमोड, व्हेंट. तरी फरशीतूनच वास येतो असं वाटतं.

फ्लॅट असेल तर वाटतंय ते खरं असू शकतं. बाथरूमचा स्लॅब खोलगट करून त्यात विटांचे तुकडे भरतात, वरून फरशी. आतला सांधा गळत असेल तर पाणी त्या भरावात साचून कुजतं, आणि फरशीच्या फटींतून वर वास येतो, खालच्या घरी छताला पिवळा डाग पडतो. दोन दिवस ती बाथरूम पूर्ण बंद ठेवा आणि खालच्यांकडे डाग वाळतो का बघा. वाळला तर फोडावी लागणार, वरून केमिकल लावून पैसे घालवू नका. खालच्या मजल्याशी भांडण करायच्या आधी एकदा चहाला बोलवा, डाग त्यांच्या छतावर आहे.

एक अपवाद: गोडसर कुजका वास, हळूहळू वाढला आणि आठ-दहा दिवसांनी आपोआप कमी होत चालला, तर डक्टमध्ये उंदीर मेलाय. गटार निर्दोष.

१९. आता गल्लीत लाइन आली, जोडून घेतली. जुनी टाकी तशीच ठेवू?

तशीच नको. उपसून, धुऊन, तळाला भोकं पाडून मुरूम किंवा वाळूने भरून टाका. वरची जुनी फरशी पंधरा वर्षांनी कोणाच्या तरी स्कूटरखाली बसते. पावसाचं पाणी साठवायला वापरू का असं बरेच विचारतात, मी तरी नाही वापरणार.

२०. मे मध्ये महिनाभर पुण्याला मुलीकडे जातोय. परत आलो की दार उघडताच वास येतो, दरवर्षी. काय करून जावं?

निघायच्या दिवशी सगळ्या जाळ्यांत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये भरपूर पाणी. मग प्रत्येक जाळीत चमचाभर खायचं तेल सोडा, ते वर तरंगतं आणि खालचं पाणी उडू देत नाही, चमचाभरच, १५ मधलं तेलाचं विसरू नका. त्यावर पाण्याच्या पिशव्या, ३ मध्ये सांगितल्या तशा. कमोडचं झाकण बंद. वॉशिंग मशीनचा पाइप जिथे जातो ती जाळी सगळे विसरतात, ती लक्षात ठेवा. आणि शेजारच्या काकांकडे किल्ली असेलच झाडांना पाणी घालायला, त्यांना सांगा पंधरा दिवसांनी आतल्या मोरीत पण एक तांब्या घाला, आणि येताना त्यांना बाकरवडी आणा.